ट्यूब अ‍ॅम्प आणि स्पीकरचं जमत नसेल तर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्याबद्दलची तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. अ‍ॅम्प नावाजलेला, स्पीकर नावाजलेले, आणि दोन्ही जोडल्यावर गाणं मात्र मरगळलेलं. अ‍ॅम्प दुरुस्तीला दिला की तिथे मोजमाप होतं आणि 'यात काही बिघाड नाही' असा शेरा घेऊन तो परत येतो. शेरा खरा असतो. कारण तिथे अ‍ॅम्पला स्पीकरऐवजी ८ ओमचा जाडजूड रेझिस्टर जोडून मोजतात आणि रेझिस्टर कोणत्याही स्वराला ८ ओमच राहतो. स्पीकरचा विजेला होणारा विरोध, म्हणजे इम्पीडन्स (तोही ओममध्येच मोजतात), तसा राहत नाही. ज्यावर '८ ओम' छापलंय तो एखाद्या स्वराला ४ ओम असतो, दुसऱ्या स्वराला ३०. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला या चढउताराचं फारसं सोयरसुतक नसतं. ट्यूब अ‍ॅम्पला असतं.

अशा बऱ्याच जोड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. बहुतेकांत दोन्ही वस्तू धडधाकट होत्या, एकमेकांना चुकीच्या मिळाल्या होत्या इतकंच. नवीन अ‍ॅम्प निवडणाऱ्यांनाही पुढचा क्रम उपयोगी पडेल, कारण यातल्या बऱ्याच तपासण्या खरेदीच्या आधी करता येतात.

लक्षणं

आधी लक्षण नेमकं पकडा. 'मजा येत नाही' यावरून काहीच शोधता येत नाही.

– शांत संगीत सुरेख वाजतं, पण सगळी वाद्यं एकदम आली की गठ्ठा होतो, गायकाचा आवाज मागे दबतो. हे बहुधा वॅट कमी पडल्याचं लक्षण. ट्यूब अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरसारखा करकरत नाही, हळूहळू चेपत जातो. त्यामुळे पुष्कळांना तो मर्यादेला पोचलाय हे कळतच नाही.

– बास सैल. डग्ग्याची घुमक किंवा डबल बासचा स्वर उमटतो, पण थांबायचं नाव घेत नाही. इथे अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सकडे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाकडे बघायचं, किंवा खोलीकडे.

– स्वरभार बदललेला. दुसऱ्या अ‍ॅम्पवर हेच स्पीकर समतोल वाजायचे, आता कंठस्वर पुढे येतो किंवा झांजांची चमक गेलेली असते.

– गाणं बंद असतानाही स्पीकरमधून घुमघुम किंवा सळसळ. फार संवेदनशील, म्हणजे थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज देणाऱ्या स्पीकरना हे हमखास होतं.

– एकाच बाजूला त्रास. ही सहसा जुळणीची अडचण नसते, कुठला तरी भाग बिघडलेला असतो.

आणि एक लक्षण असं की ज्यावर विचार करत बसायचं नाही. पॉवर ट्यूबमधली धातूची करडी पट्टी, म्हणजे प्लेट, तांबूस-लाल तापलेली दिसली की तत्काळ अ‍ॅम्प बंद करा. आतला फिलामेंट केशरी दिसणं नेहमीचंच, काचेलगतची निळसर झाकही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. प्लेट लाल होणं मात्र बायस, म्हणजे ट्यूबमधून कायम वाहणारा ठरावीक करंट ठरवणारी मांडणी, सुटल्याची खूण आहे. अजून थोडं ऐकू म्हणालात तर ट्यूबसोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) जाऊ शकतो.

फुकटातली तपासणी: खोली, तारा, बटणं

सैल बास असेल तर पहिल्यांदा स्पीकर मागच्या भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दोन-तीन वीत पुढे ओढा. मग तोच तुकडा लावून खोलीत फिरा. एकच विशिष्ट स्वर घुमत असेल, आणि तुम्ही जागा बदलल्यावर तो कमी-जास्त होत असेल, तर ती खोलीची करणी. सगळाच खालचा भाग सगळीकडे जाड ऐकू येत असेल तर संशय अ‍ॅम्पवर. हा फरक आधी केला नाही तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचा अर्थ चुकीचा लागतो.

तारांची लाल-काळी टोकं दोन्ही बाजूंना सारखी आहेत ना? एका बाजूला उलटी लागली तर बास पातळ होतो आणि मधोमध उभा राहायला हवा तो गायक खोलीभर पसरतो. मोनो रेकॉर्डिंग लावलं की लगेच कळतं.

अ‍ॅम्पवर 'ट्रायोड' आणि 'अल्ट्रालिनियर' (पॉवर ट्यूब जोडण्याच्या दोन पद्धती) असं बटण असेल, किंवा फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवून चूक सुधारणं, कमी-जास्त करण्याची सोय असेल, तर ती दोन्ही बाजूंना फिरवून ऐका. ट्रायोडमध्ये वॅट साधारण निम्मे होतात, पण आउटपुट इम्पीडन्स उतरतो. फीडबॅक वाढवला तरी तो उतरतो आणि बासवर ताबा येतो. फीडबॅकबद्दल हौशी मंडळींत बरंच सोवळं-ओवळं चालतं. माझं मत साधं आहे. अवघड स्पीकरला थोडा फीडबॅक लागतो, तिथे तत्त्व सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

टॅप बदलून बघा

सगळ्यात जास्त जोड्या इथेच सुधारतात आणि लागतो फक्त एक स्क्रूड्रायव्हर. ट्यूब अ‍ॅम्पच्या मागे ४, ८, कधी १६ ओम अशी वेगवेगळी टोकं असतात. ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवरची टॅप. ट्यूबला काही हजार ओमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो काही ओमचा. हे अंतर ट्रान्सफॉर्मर गुणोत्तराने भरून काढतो. समजा ८ ओमच्या टॅपवर ८ ओमचा स्पीकर लावल्यावर ट्यूबला ५००० ओम दिसतात. त्याच टॅपवर ४ ओमचा स्पीकर लावला तर २५०० दिसतील. ट्यूबला जास्त करंट द्यावा लागेल, विकृती वाढेल आणि वॅट मिळायच्या आधीच दम लागेल. उलट ८ ओमचा स्पीकर ४ च्या टॅपवर लावला तर १०००० दिसतील. वॅट थोडे घटतील, पण त्या टॅपचा आउटपुट इम्पीडन्स ८ च्या टॅपच्या निम्मा असल्यामुळे बास आवळला जाईल.

म्हणून स्पीकरवर ८ लिहिलंय एवढ्यावरून ८ च्या टॅपला चिकटून राहू नका. ज्याचा इम्पीडन्स मध्येच ४ ओमकडे घसरतो असा '८ ओमचा' स्पीकर बऱ्याचदा ४ च्या टॅपवर खुलतो. एक पायरी खाली-वर करून बेताच्या आवाजात ऐकल्याने काही बिघडत नाही.

बदलताना अ‍ॅम्प पूर्ण बंद करा, प्लग काढा, काही मिनिटं जाऊ द्या, मगच तारांना हात लावा. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, 'जरा ट्यूब तापू दे' म्हणूनही नाही. भार नसताना सिग्नल गेला तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वाइंडिंगवर, व्होल्टेज इतकं उसळतं की इन्सुलेशन फुटून आत ठिणगी पडू शकते. तसा गेलेला ट्रान्सफॉर्मर परत येत नाही.

कागदावरचे आकडे वाचा, पण वाकड्या नजरेने

स्पीकरची माहिती शोधून तीन गोष्टी काढा: संवेदनशीलता, किमान इम्पीडन्स, आणि मिळाला तर इम्पीडन्सचा आलेख.

संवेदनशीलता '२.८३ व्होल्टला १ मीटरवर इतके डेसिबल' अशी दिलेली असते. ८ ओमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. पण ४ ओमच्या स्पीकरला तेच २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. त्यामुळे ४ ओमचा ८९ डेसिबलवाला स्पीकर खरं तर १ वॅटला ८६ डेसिबलचाच असतो. खोटं कोणी बोलत नाही, पण कागद बघून अ‍ॅम्प घेणारा फसतो.

आता हिशेब. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. ३००बी ट्यूबचा सिंगल-एंडेड (ध्वनीची पूर्ण लहर एकाच ट्यूबने हाताळणारा) अ‍ॅम्प साधारण ८ वॅट देतो, म्हणजे १ वॅटच्या वर ९ डेसिबल. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर हे १ मीटरवर ९५ होतात. तीन मीटर लांब बसल्यावर खोलीत पाच-सहा डेसिबल जातात, दोन स्पीकरमुळे तीन परत मिळतात. हाती ९२ च्या आसपास उरतात, आणि तेही शिखराला. संगीताची शिखरं सरासरीच्या १० ते २० डेसिबल वर असतात, म्हणजे सरासरी ७५ च्या आगेमागे धरा. रात्रीच्या निवांत ऐकण्याला तेवढं पुरतं, भरल्या ऑर्केस्ट्राला नाही पुरत. तोच अ‍ॅम्प ९६ डेसिबलच्या स्पीकरवर लावा आणि आधीच्या एक दशांश ताकदीत, म्हणजे ०.८ वॅटमध्ये तेवढंच काम होईल.

किमान इम्पीडन्सबाबत आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की तो छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओमला ६.४. प्रत्यक्षात ८ छापून ४ ला जाणारे स्पीकर ढिगाने आहेत. दोन वूफर समांतर जोडलेले उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर तर ३ ओमपर्यंतही उतरतात.

आलेख मिळाला तर नुसता तळ बघू नका, तो कुठे आहे ते बघा. ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा असेल तर काम अवघड, कारण संगीताची बरीचशी ताकद तिथेच खर्च होते. वरच्या टोकाला खड्डा असेल तर वॅटचा प्रश्न कमी, पण चमक जाते. १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर याचं नेहमीचं उदाहरण आहे. वरच्या स्वरांना तो २ ओमच्या आसपास उतरतो, तरी १५ वॅटच्या क्वाड २ या ट्यूब अ‍ॅम्पवर लोकांनी तो वर्षानुवर्षं आनंदाने ऐकला.

दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए. १९७० च्या दशकातला हा चिमुकला स्पीकर ८३ डेसिबलच्या आसपासचा, म्हणजे आळशीच. पण मूळ रूपात तो १५ ओमचा असल्यामुळे ट्यूबला त्याचं ओझं होत नाही. लहान खोलीत १६ च्या टॅपवर माफक वॅटचा पुश-पुल (जोडीतल्या दोन ट्यूब आळीपाळीने काम करणारा) अ‍ॅम्पही त्याला छान चालवतो. संवेदनशीलतेचा एकच आकडा बघून निकाल लावू नका, म्हणतो ते एवढ्यासाठी.

ट्यूबचा ढोबळ अंदाज असा: २ए३ सिंगल-एंडेड साडेतीन वॅट, ३००बी आठ, ईएल८४ पुश-पुल बारा ते सतरा, ईएल३४ पुश-पुल पस्तीस ते पन्नास, केटी८८ पन्नास आणि त्यावर. ८ वॅट आणि फीडबॅकविना अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर मी ९२ डेसिबलच्या खालचा आणि ६ ओमच्या खाली जाणारा स्पीकर सुचवत नाही. ८६-८७ वाले सुटसुटीत स्पीकर ईएल३४ पुश-पुलला द्यावेत.

मल्टिमीटरने मोजा: तुम्हाला खरंच किती वॅट लागतात

कागदावर वाद घालण्यापेक्षा हे बरं. सध्या साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प वापरत असाल तर नेहमीचं, तुमच्या मानाने सगळ्यात मोठ्या आवाजातलं गाणं लावा आणि व्हॉल्यूमला पुन्हा हात लावू नका. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा. पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खालचा, १०० हर्ट्झचा सलग स्वर असलेली फाइल वाजवा आणि अ‍ॅम्पच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजा. १२ डेसिबल खाली म्हणजे एक चतुर्थांश व्होल्टेज, म्हणून आकड्याला ४ ने गुणा. २ व्होल्ट आले तर शिखराला ८ व्होल्ट लागतात. ८ चा वर्ग ६४, भागिले ८ ओम, म्हणजे ८ वॅट. स्पीकर ४ ओमला उतरत असेल तर १६ धरा.

क्लास डी प्रकारच्या अ‍ॅम्पवर हे करू नका, त्याच्या आउटपुटवर उरलेली उच्च वारंवारता साध्या मीटरला चकवते. ट्यूब अ‍ॅम्पवर करायचं तर स्पीकर जोडलेलेच ठेवा, २४ डेसिबल खालचा स्वर घ्या, काही सेकंदच वाजवा आणि १६ ने गुणा. उत्तर अ‍ॅम्पच्या छापील वॅटपेक्षा बरंच मोठं आलं तर गठ्ठा का होतो ते कळलं. टॅप, ट्यूब, तारा काहीही बदललं तरी तो जाणार नाही. कमी आवाजात ऐका, नाहीतर जोडीतलं एक बदला.

पुष्कळांचं उत्तर मात्र दोन-तीन वॅटच निघतं. मग वॅटची चिंता सोडून स्वरभाराकडे वळायचं.

रेझिस्टरची युक्ती

नवीन ट्यूब अ‍ॅम्प घेण्याआधी ही करून बघितलीत तर मोठा खर्च वाचू शकतो. ट्यूब अ‍ॅम्पच्या आवाजातला बराचसा रंग त्याच्या आउटपुट इम्पीडन्समुळे येतो आणि तो तात्पुरता उभा करता येतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि प्रत्येक स्पीकर यांच्यामधल्या लाल तारेत २ ते ३ ओमचा, २० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घाला. आवाज मध्यम ठेवा. रेझिस्टर तापतो, म्हणून तो गालिचावर किंवा पडद्याजवळ ठेवू नका.

हे का चालतं? आउटपुट इम्पीडन्स २.५ ओम धरा. स्पीकर जिथे ४ ओम आहे तिथे त्याला एकूण व्होल्टेजच्या ४ भागिले ६.५ इतका वाटा मिळतो, म्हणजे सुमारे ४.२ डेसिबलची घट. जिथे तो ३० ओम आहे तिथे घट जेमतेम ०.७. साडेतीन डेसिबलचा हा फरक कोणालाही ऐकू येतो. स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेखच जणू ध्वनीवर उमटतो. ट्यूबची स्वतःची विकृती यात येत नाही, पण स्वरभार कसा बदलेल ते नेमकं कळतं.

आवाज आवडला तर फीडबॅकविना सिंगल-एंडेड घ्यायला हरकत नाही. बास ढिला पडला किंवा मध्य भाग अंगावर आला तर रेझिस्टर १ ओमचा करून पुन्हा ऐका. तो फीडबॅक असलेल्या पुश-पुल अ‍ॅम्पच्या जवळचा असतो. विकत घेताना आउटपुट इम्पीडन्स छापलेला नसेल तर ८ ला डॅम्पिंग फॅक्टरने भागा. डॅम्पिंग फॅक्टर ३ म्हणजे सुमारे २.७ ओम.

एका बाजूचा त्रास आणि घुमघुम

अ‍ॅम्प बंद करून आधी इनपुटच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करा. त्रास दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अ‍ॅम्पच्या आधी आहे. नाही गेला तर तारा पूर्ववत करून स्पीकर अदलाबदल करा. तरीही त्याच बाजूला राहिला तर अ‍ॅम्प पुरता गार झाल्यावर लहान ट्यूब डाव्या-उजव्या करून बघा. त्रास ट्यूबबरोबर सरकला की चोर सापडला. ट्यूबच्या काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब संपली. पॉवर ट्यूब हलवताना फिक्स्ड बायसच्या (ज्यात बायस बाहेरून जुळवून लावावा लागतो अशा) अ‍ॅम्पमध्ये बायस पुन्हा लावावा लागतो. बाहेरून मोजायची सोय नसेल तर त्या जागच्या जागी राहू द्या.

घुमघुम असेल तर इनपुट काढून ऐका. थांबली तर बाहेरच्या उपकरणांमधला अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन उपकरणांना दोन वाटांनी अर्थ मिळाल्याने बनलेलं वर्तुळ, शोधा. न थांबता अगदी हळू, कान लावल्यावरच ऐकू येत असेल, आणि स्पीकर १०० डेसिबलच्या घरातले असतील, तर तो अ‍ॅम्पचा दोष म्हणता येत नाही. तुमचे स्पीकर एवढे तिखट कानाचे आहेत की बाकीच्यांना न ऐकू येणारंही ऐकवतात.

खर्चाचे उपाय

संगणक आणि एक रेझिस्टर वापरून स्पीकरचा इम्पीडन्स स्वतः मोजता येतो, रूम ईक्यू विझार्ड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. आलेख हातात आला की क्रॉसओव्हर (वेगवेगळे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडे वाटणारं स्पीकरमधलं सर्किट) जाणणारा माणूस स्पीकरच्या टोकांना समांतर असं इम्पीडन्स सपाट करणारं सर्किट बसवून देऊ शकतो. यात उंचवटे खाली येतात, खड्डे भरत नाहीत. खड्डा मोठा असेल तर इम्पीडन्स वाढवणारा ऑटोफॉर्मर मध्ये घालता येतो. चांगला ऑटोफॉर्मर स्वस्त नसतो, तेव्हा आधी स्पीकर विकून दुसरे घेण्याचा हिशेब मांडा. माझ्या अनुभवात बहुतेकदा तोच स्वस्त पडतो.

कुठे थांबायचं

अ‍ॅम्पचा तळ उघडायची वेळ आली की थांबा. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, ८४५ सारख्या ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये हजाराच्या आसपास, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतं. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर जाणत्या तंत्रज्ञाकडेच जा: प्लेट लाल होणं, फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडणं, जळका वास, ट्यूबच्या सॉकेटवर काळा डाग, बायस लावूनही न टिकणं, मोठी घुमघुम. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज बसवायचा नाही.

जाताना स्पीकरचा आलेख, वापरात असलेला टॅप आणि वर मोजलेलं व्होल्टेज लिहून न्या. नुसत्या रेझिस्टरवर न मोजता तुमच्या स्पीकरवर किंवा निदान ४ ओमच्या भारावरही मोजायला सांगा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असल्याचं निदान झालं तर काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज मागा आणि त्याच बनावटीचा ट्रान्सफॉर्मर मिळतोय का ते विचारा. वेगळ्या बनावटीचा बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलायला लावा, नाहीतर डावा-उजवा आवाज पुन्हा जुळणार नाही.